रुआंडातील एचपीव्ही लसीकरण

किशोरवयीन मुलींना एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा) विषाणूमुळे होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून (पहा : कर्करोग) संरक्षण मिळावे म्हणून रुआंडा सरकारने हाती घेतलेला राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम. एप्रिल २०११ मध्ये तो सुरू झाला. पहिली तीन वर्षे मर्क कंपनीने गार्डासिल ही लस मोफत पुरविली. त्यानंतर ‘गावी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे साहाय्य मिळाले.

लाभार्थी वयाऐवजी इयत्तेवरून निवडण्यात आले. प्राथमिक शाळेच्या सहाव्या वर्गातील मुलींना ठरलेल्या दिवशी शाळेतच लस टोचली जाई. त्याआधी शिक्षक व गावप्रमुखांमार्फत पालकांना माहिती दिली जाई. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या आणि शाळेबाहेरच्या मुलींना गावातील आरोग्यसेवक शोधून काढीत. कार्यक्रमाची खरी ताकद या पाठपुराव्यात होती (पहा : प्राथमिक आरोग्यसेवा). लस २° ते ८° से. तापमानात ठेवावी लागते. त्यासाठी बालकांच्या लसीकरणाची शीतसाखळी उपयोगी पडली.

२०११ मध्ये लसीच्या ठरलेल्या तिन्ही मात्रा पूर्ण करणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ९३ टक्के होते. अल्प उत्पन्नाच्या देशातही शाळा व गावपातळीवरील आरोग्ययंत्रणा एकत्र आल्यास किशोरींपर्यंत लस पोहोचते, हे त्यातून दिसून आले. भारतात सिक्कीमने २०१८ मध्ये ९ ते १३ वर्षांच्या मुलींसाठी प्रामुख्याने शाळांमधूनच लसीकरण केले (पहा : सिक्कीम).