इथिओपिया : लिपी, राज्य आणि लोक

मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला ‘हबशी’ हा शब्द नवा नाही. बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष ठरलेला मलिक अंबर, तसेच १९४८ पर्यंत जंजिऱ्याचे राज्य राखणारे सिद्दी, यांच्यामुळे तो आपल्या बखरींत व बोलण्यात रुळलेला आहे. ‘हबश’ हे अरबांनी एका देशाला दिलेले नाव. त्यालाच आज आपण इथिओपिया म्हणतो. हबशी म्हणविले जाणारे सारेच त्या देशातून आले होते असे नव्हे. परंतु मलिक अंबराचा जन्म तेथलाच, असे इतिहासकार मानतात. ही माणसे आपल्या किनाऱ्यावर उतरल्यानंतर त्यांनी काय केले हे आपण वाचतो. ती कोणत्या भूमीतून आली हे मात्र क्वचितच विचारतो. त्या भूमीचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे. आणि तो सांगताना भाषा व राज्यसत्ता यांच्या संबंधाकडे आम्ही विशेष लक्ष देणार आहोत. कारण या देशाचे बळ आणि या देशाचे दुखणे ही दोन्ही त्याच संबंधात दडलेली आहेत.

इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत इथिओपियाच्या उत्तरेकडील पठारावर अक्सुमचे राज्य उदयास आले. तांबड्या समुद्रावरील अदुलिस हे त्याचे बंदर आज इरिट्रियात मोडते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात या अदुलिसचे वर्णन आहे, आणि त्याच ग्रंथात पुढे भडोच, पैठण व तेर यांचेही उल्लेख येतात. एकाच व्यापारी जगाची ही दोन टोके होती. चौथ्या शतकात राजा एझाना याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच सुमारास तेथील गीझ भाषेच्या लिपीत एक मोठा बदल घडून आला. तोवर ही लिपी केवळ व्यंजने लिहीत असे. आता प्रत्येक व्यंजनाला स्वरचिन्ह जोडले जाऊन त्याची सात रूपे सिद्ध झाली. आपल्या बाराखडीशी परिचित असलेल्या शिक्षकाला ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही. अरबी व हिब्रू या भगिनी भाषा उजवीकडून डावीकडे लिहिल्या जातात. ही लिपी मात्र आपल्यासारखी डावीकडून उजवीकडे जाते.

अक्सुमचे वैभव सातव्या शतकानंतर ओसरले आणि कालांतराने गीझ भाषाही लोकांच्या मुखातून गेली. तथापि धर्मग्रंथांची व विद्वानांची भाषा म्हणून तिने संस्कृतप्रमाणेच दीर्घ आयुष्य भोगले, आणि तिची लिपी अम्हारिक व तिग्रिन्या या जिवंत भाषांनी उचलली. ‘केने’ नावाचा गीझ काव्यप्रकार मठांतील शाळांतून आजही शिकविला जातो. त्याचे मर्म श्लेषात आहे. वरवरच्या अर्थाला ‘मेण’ आणि आत दडलेल्या अर्थाला ‘सोने’ म्हणतात; सोनार मेणाच्या साच्यातून दागिना घडवितो, त्यावरून ही उपमा आली. वर्षाचे तेरा महिने, सूर्योदयापासून मोजलेले तास आणि आपल्या व्यवहारातील इसवी सनापेक्षा सात-आठ वर्षे मागे चालणारी कालगणना, हेही या परंपरेने सांभाळले आहे.

मध्ययुगात लालिबेला येथे अखंड खडकातून अकरा चर्चे कोरण्यात आली. त्यांपैकी काही वेरूळच्या कैलासाप्रमाणेच भोवतालचा खडक काढून, वरून खाली घडविलेली आहेत. १२७० मध्ये येकुनो अमलाक याने जो राजवंश स्थापिला, त्याने आपले मूळ सॉलोमन राजा व शेबाची राणी यांच्यापर्यंत नेले. चौदाव्या शतकात सिद्ध झालेल्या ‘केब्रा नगस्त’ या ग्रंथाने त्या कथेला शास्त्राचे रूप दिले. ही कथा केवळ पुराणात राहिली नाही. १९५५ च्या राज्यघटनेतही राजवंशाचे हे मूळ नमूद केलेले होते.

मात्र हा देश केवळ ख्रिस्ती पठाराचा नव्हे. मक्केत छळ झालेल्या पैगंबरांच्या आरंभीच्या अनुयायांना अक्सुमच्या राजाने आश्रय दिला, असे इस्लामी परंपरा सांगते. आणि आज देशातील सुमारे एक तृतीयांश लोक मुसलमान आहेत. सोळाव्या शतकात अहमद इब्न इब्राहीम याने पूर्वेकडून चढाई करून ख्रिस्ती राज्य जवळजवळ बुडविले. तेव्हा १५४१ मध्ये गोव्याहून तांबड्या समुद्रात गेलेल्या पोर्तुगीज आरमाराने वास्को द गामाचा पुत्र क्रिस्तोव्हाँव याच्या हाताखाली चारशे सैनिक मसावा येथे उतरविले. क्रिस्तोव्हाँव मारला गेला. परंतु १५४३ मध्ये अहमदही रणांगणी पडला. पुढे जेझुइटांनी देश कॅथलिक करण्याचा उद्योग केला, तेव्हा राजा फासिलिदस याने त्यांना हाकलून दिले आणि १६३६ च्या सुमारास गोंदर ही राजधानी वसविली.

एकोणिसाव्या शतकात दुसऱ्या तेवोद्रोसने विस्कळित झालेला देश पुन्हा एकत्र आणण्याचा यत्न केला. त्याने इंग्रज वकिलांना कैद केल्यावरून १८६७-६८ मध्ये जनरल नेपियरची मोहीम निघाली, ती मुंबईहून, मुंबई इलाख्याची फौज व हत्ती घेऊन. मगदला पडल्यावर राजाने आत्मघात केला आणि विजेत्यांनी शेकडो हस्तलिखिते लुटून नेली. त्यानंतरचा प्रसंग भाषेच्या अभ्यासकांनी विशेष ध्यानात ठेवावा असा आहे. १८८९ मध्ये दुसऱ्या मेनेलिकने इटलीशी वुचाले येथे तह केला. अन्य राष्ट्रांशी व्यवहार करताना सम्राटास इटलीची मदत ‘घेता येईल’, असे अम्हारिक प्रतीचे सतरावे कलम म्हणत होते; इटालियन प्रतीवरून मात्र ती मदत ‘घ्यावीच लागेल’ असा अर्थ काढून इटलीने इथिओपिया आपले संरक्षित राज्य असल्याचे जाहीर केले. मेनेलिकने तह झुगारला, आणि १ मार्च १८९६ रोजी अदुआच्या लढाईत इटालियन सैन्याचा पुरता मोड झाला. आफ्रिका खंड युरोपीय सत्तांनी वाटून घेतला असता हा देश स्वतंत्र राहिला. स्वभाषेतील दस्तऐवज हा आपल्याकडील आधार आहे असे मानणारा राजा त्याला लाभला होता, हेही त्याचे एक कारण होय.

परंतु याच मेनेलिकने दक्षिणेकडे ओरोमो, वोलायता, काफा इत्यादी लोकांचे प्रदेश शस्त्रबळाने जोडून घेतले. आजच्या इथिओपियाची चतुःसीमा अशी ठरली. या लोकांना नव्या राज्यात शिरण्याचे दार एकच होते, आणि ते अम्हारिकचे. हैले सेलासी १९३० मध्ये राज्यावर आला; १९३५-३६ मध्ये इटलीने विषारी वायू वापरून देश जिंकला; १९४१ मध्ये तो मुक्त झाला. त्या मुक्तीसाठी इरिट्रियातील केरेनच्या डोंगरी लढाईत भारतीय जवान लढले, आणि त्यांत मराठा पलटणही होती, जिचे केंद्र बेळगावात आहे. नंतरच्या दशकांत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने तेथील शाळांत शिकवावयास गेले.

१९५५ च्या घटनेने अम्हारिकला अधिकृत भाषा ठरविले. ओरोमो ही सर्वाधिक लोकांची मातृभाषा. पण शाळेत व कचेरीत तिला जागा नव्हती. १९५२ मध्ये संघराज्य म्हणून जोडलेल्या इरिट्रियातही तिग्रिन्या व अरबी यांना हटवून अम्हारिक आणण्यात आली, आणि १९६२ मध्ये ते संघराज्यच मोडण्यात आले. त्यातून तीस वर्षांचे युद्ध पेटले आणि १९९३ मध्ये इरिट्रिया वेगळा झाला. ज्या लिपीने व भाषेने परक्यांपुढे देशाची मान ताठ ठेवली, तीच स्वकीयांवर लादली गेली, तेव्हा तिच्याविषयी दुरावा उत्पन्न झाला. १९९१ नंतर ओरोमोंनी आपल्या भाषेसाठी प्राचीन देशी लिपी न घेता रोमन लिपी पत्करली, याचा अर्थ या संदर्भात समजून घेतला पाहिजे.

१९७४ च्या क्रांतीने राजेशाही संपली. ‘देर्ग’ नावाच्या लष्करी राजवटीने जमीन कुळांना दिली, पंधरा भाषांतून साक्षरतेची मोहीम चालविली. पण हजारोंचे प्राणही घेतले. दुष्काळ व युद्ध यांनी ती खचली आणि १९९१ मध्ये कोसळली. १९९५ मध्ये अमलात आलेल्या घटनेने देशाचे संघराज्य केले. पंतप्रधान व मंत्रिमंडळ लोकप्रतिनिधी सभेला जबाबदार असतात. राष्ट्राध्यक्षपद बहुतांशी मानाचे आहे. घटनेचा अर्थ लावण्याचे काम तेथे न्यायालयाकडे नसून, विविध समाजांच्या प्रतिनिधींच्या संघ-सभेकडे आहे. सर्व भाषा समान मानल्या असून अम्हारिक ही संघराज्याच्या कामकाजाची भाषा ठरली. घटक राज्ये मुख्यतः भाषा व वंश पाहून आखली गेली, आणि एकोणचाळिसाव्या कलमाने प्रत्येक समाजाला फुटून निघण्याचा अधिकारही दिला.

ऐंशीहून अधिक भाषांच्या या देशात त्यामुळे मुले मातृभाषेत शिकू लागली, हा लाभ सामान्य नव्हे. परंतु राज्याची सीमा भाषेवरून आखली, तरी माणसे सीमेबरहुकूम राहत नाहीत. प्रत्येक नव्या राज्यात दुसऱ्या भाषेचे लोक उरलेच, आणि ‘हा प्रदेश कोणाचा’ या प्रश्नाने अनेकांना घरदार सोडावे लागले. आरंभीच्या नऊ राज्यांची २०२३ पर्यंत बारा झाली. २०२० च्या नोव्हेंबरात तिग्राय प्रांतात पेटलेले भीषण युद्ध २०२२ च्या नोव्हेंबरातील प्रिटोरिया कराराने थांबले. पण लगेच २०२३ मध्ये अम्हारा प्रांतात सशस्त्र संघर्ष उसळला.

या सर्वांवरून भाषावार रचना चुकीची होती, असा निष्कर्ष काढणे आम्हांस उतावीळपणाचे वाटते. एकभाषी सक्तीचा मार्ग त्या देशाने आधी चोखाळून पाहिला होता आणि त्याची किंमत इरिट्रियाच्या रूपाने मोजली होती. प्रांत कोणत्याही भाषेचा असो, तेथील अल्पसंख्य भाषकाच्या मुलाला शाळेत, न्यायालयात व कचेरीत कोणते स्थान मिळते, ही खरी कसोटी आहे; आणि तिला इथिओपियाची घटना अद्याप पुरेशी उतरलेली नाही. महाराष्ट्राच्या सीमेवर आणि सीमेबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आम्हा मराठी भाषकांना ही कसोटी परकी नाही. म्हणूनच हबशांच्या देशाचा इतिहास आम्ही दूरच्या खंडाची हकीकत म्हणून वाचू नये. आपलाच एक प्रश्न अन्यत्र कसा हाताळला गेला, हे जाणण्यासाठी तो वाचावा, आणि आपल्या विद्यार्थ्यांनाही याच दृष्टीने शिकवावा.