बीटाची साखर आणि मार्गग्राफचा मद्यार्क

गुऱ्हाळावर ज्यानं एक रात्र काढली असेल, त्याला साखर आणि पाणी यांची फारकत किती जिकिरीची, हे सांगायला नको. चुलाणात चिपाडं सारायची, मळी काढायची आणि काहील आटेपर्यंत बसून राहायचं. एक लिटर पाण्यात सुमारे २ किलो साखर विरघळते. एवढं या दोघांचं सख्य!

या पाण्याला बगल देऊन साखर काढणारा एक गृहस्थ बर्लिनमध्ये होऊन गेला. आंद्रेआस मार्गग्राफ त्याचं नाव, औषधविक्याचा मुलगा. त्या काळी युरोपात साखर यायची ती मुख्यतः वेस्ट इंडीजच्या मळ्यांतून, गुलामांच्या घामाची. गरिबाला ती परवडत नसे. १७४७ साली मार्गग्राफनं पांढऱ्या बीटाचे काप वाळवले, त्यांची पूड केली, ती कडक मद्यार्कात उकळली आणि अर्क गरम असतानाच गाळून घेतला.

यातली खुबी अशी. काप वाळवल्यानं पाणी आधीच गेलेलं. उकळत्या मद्यार्कात साखर थोडीफार विरघळते, पण डिंकासारखे चिकट पदार्थ चोथ्यातच राहतात. अर्क गार झाला की साखरेला त्यात राहवत नाही. काही आठवडे भांडं हलवलं नाही, तेव्हा तळाशी खडे बसले. अर्धा पौंड पुडीतून अर्धा औंस. म्हणजे शेकडा सहा. ही उसाचीच साखर, असं त्यानं ठामपणे सांगितलं.

पण मद्यार्क महाग. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. म्हणून रस पिळून, निवळून आटवण्याची दुसरी रीतही त्यानं दिली. आपल्या गुळव्यांच्या रीतीची बहीणच म्हणा ना. गरीब शेतकऱ्यानं निदान पाक तरी घरी करावा, ही त्याची इच्छा. मला तर त्याच्या खड्यांपेक्षा ही इच्छाच मोठी वाटते.

१७८२ साली तो वारला, तोवर एकही कारखाना निघाला नव्हता. त्याचा शिष्य आखार्ड यानं प्रशियाच्या राजाच्या मदतीनं सायलेशियात कुनेर्न येथे १८०१ साली कारखाना उभारायला घेतला. तोही १८०७ मध्ये जळाला. शेवटी शेतकऱ्याच्या कळवळ्यानं नव्हे, तर लढाईनं काम केलं. १८०६ साली नेपोलियननं इंग्रजांशी व्यापार बंद पाडला, साखर मिळेना, आणि १८११ मध्ये ३२,००० हेक्टरांत बीट लावण्याचा हुकूम सुटला. त्या कारखान्यांत मद्यार्क नव्हता, रस पिळून आटवणंच होतं. बीटात साखर किती, हे मोजायला मात्र प्रयोगशाळांत गरम मद्यार्काची रीत पुढं पुष्कळ वर्षं चालली.