मधुमेहाचे दोन देह

प्रमेहाचे, म्हणजे मधुमेहासारख्या मूत्रविकारांचे, रोगी दोन प्रकारचे, एक जन्मतःच दोष घेऊन आलेला, कृश व रुक्ष, आणि दुसरा अपथ्याने रोग ओढवून घेतलेला, स्थूल, बहुभक्षी व शय्यासनात रमणारा, असा भेद सुश्रुतसंहितेने केला, आणि पहिल्याचे अन्नपानाने पोषण व दुसऱ्याचे अपतर्पण (लंघन), अशी चिकित्साही निरनिराळी मुक्रर केली. युरोपाला हा विवेक पुढे स्वतंत्रपणे, आणि बराच महागात, साधावा लागला.

१८७० च्या सप्टेंबरात प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला, रसद तुटली आणि नागरिकांच्या वाट्याला मोजकी भाकरी आली, तेव्हा आपल्या मधुमेही रुग्णांच्या मूत्रातील साखर उपासमारीने घटते, काहींच्या तर नाहीशीच होते, हे प्राध्यापक बुशार्दा यांनी हेरले व शक्य तितके कमी खाण्याचा उपदेश चालविला. १८८० त त्याच शहरातील लान्सेरो यांनी कृश मधुमेह आणि स्थूल मधुमेह अशी विभागणी मांडली. परंतु स्थूलाला तारणारा उपास कृशालाही तारीलच, असे मानता येत नव्हते. कृशाच्या अंगावरचे मांस हेच त्याच्या आयुष्याचे उरलेले भांडवल होते.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक ॲलन यांनी उपासाची कडक पद्धती सिद्ध केली. भाज्यांतला पिष्टांश निघून जावा म्हणून त्या तीनतीनदा उकळीत, आणि बारा वर्षांच्या एका आंधळ्या मुलाच्या मूत्रात तरीही साखर सापडे, तेव्हा कळले, की तो दंतमंजन आणि पिंजऱ्यातल्या कॅनरी पक्ष्याचे दाणे खात होता. ॲलन यांना निर्दय म्हणणे अन्यायाचे होईल, कारण मुलांच्या रक्तात आम्ल साचून येणारी मूर्च्छा या उपासाने लांबे, आणि दुसरा इलाज कोणापाशीच नव्हता. मात्र मूर्च्छेतून वाचलेली काही मुले उपासमारीनेच गेली.

पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ हिला अकराव्या वर्षी, १९१९ त, हा रोग जडला. ॲलन यांच्या पथ्यावर ती तीन वर्षे तगली, परंतु ऑगस्ट १९२२ त टोरांटोला इन्सुलिनचे संशोधक बँटिंग यांच्यापुढे आली तेव्हा पंधरा वर्षे पूर्ण होत आलेल्या या मुलीचे वजन अवघे ४५ पौंड भरले. इन्सुलिन सुरू झाले, निषिद्ध अन्न पुन्हा ताटात आले आणि वजन चढू लागले. तिचा मृत्यू १९८१ त, वयाच्या ७३ व्या वर्षी झाला.