गुणवृक्षक आणि सानपाड्याची होडी

अमरकोशाच्या वारिवर्गांत 'कूपक' व 'गुणवृक्षक' हे पर्यायशब्द आले आहेत. गुण म्हणजे दोर. तेव्हां गुणवृक्षक म्हणजे दोरांचें झाड. याचा अर्थ कोणी डोलकाठी असा करतात, कोणी नौका बांधण्याचा खांब असा करतात. आम्हीं शाळेंत पहिला अर्थ शिकविला व दुसरा सोडून दिला. सानपाडा येथील एका वृद्ध नाखव्याकडून होडी पाण्यांत लोटण्याची जुनी रीत ऐकल्यावर हा निकाल घाईचा होता असें वाटूं लागलें.

सानपाडा हें ठाण्याच्या खाडीच्या पूर्वतीरावरील जुनें गांव. इ. स. १९७० मध्यें सिडकोची स्थापना होऊन नवी मुंबई वसूं लागली. आज गांव व खाडी यांमध्यें पाम बीच मार्ग आहे, आणि त्यापलीकडे खारफुटी व चिखल. नाखव्याच्या तरुणपणीं हें अंतर मोकळें होतें.

होडी नेतांना ती रिकामी नेत. डोलकाठी, परबाण (शीड बांधण्याची आडवी काठी), शीड व सुकाणूं हीं निरनिराळ्या खांद्यांवर असत. ओहोटीस ओंडक्यांवरून होडी चिखलाच्या कडेस आणून भरतीची वाट पाहत. अष्टमीच्या सुमारास भांगाचें पाणी थोडें चढतें, म्हणून जड होडीसाठीं अमावास्या-पौर्णिमेचें उधाण साधीत. होडी तरंगल्यावर तळाशीं दगडांचें नीरम भरीत. मगच काठी उभी करून दोरांनीं ताणून घेत. चिखलावर टेकलेल्या रिकाम्या होडींत काठी उभी केली तर वारा होडी कलंडवितो. त्यानंतर परबाण चढे. सुकाणूं सर्वांच्या शेवटीं, कारण उथळ पाण्यांत तें तळास आदळतें.

आमच्या शंकेचें उत्तर याच्यापुढें मिळालें. वारा पडला म्हणजे शीड उतरवीत, परंतु काठी तशीच ठेवीत. तिच्याच बुंध्यास दोर बांधून माणसें होडी ओढीत, व मुक्कामास तोच दोर कांठावरच्या खुंटास अडकवीत. म्हणजे लहान होडींत डोलकाठी आणि बांधण्याचा खांब हीं दोन नव्हत, एकच होत. एवढ्यावरून कोशाचा अर्थ ठरला असें आम्ही म्हणत नाहीं. दोन अर्थांत विरोध मानण्याचें कारण उरत नाहीं, इतकेंच आमचें म्हणणें.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराच्या लाकडांमध्यें डोलाच्या काठ्यांचा उल्लेख आहे, आणि रयतेच्या आंब्याफणसांस हात लावूं नये अशी ताकीदही आहे. काठी कोठून आणावी हें कागदांत सांपडतें. ती केव्हां व कशी उभी करावी हें सांपडत नाहीं. तें ज्यांच्या हातांत होतें ते आतां ऐंशीच्या घरांत आहेत. गुराबा-गलबतांच्या इतिहासाबरोबर खाडीकांठच्या या होडीचे शब्दही अभ्यासकांनीं वेळीच टिपून ठेवावे, अशी आमची विनंती आहे.