दिलेला पैसा, उभे राहिलेले घर

कुंभार्ली घाट उतरला की पोफळी लागते. कोयनेचे भूमिगत वीजगृह इथलेच. 1962 पासून इथे वीज तयार होते आहे आणि नोकरदारांच्या पिढ्या वसाहतीच्या क्वार्टरमध्ये राहून निवृत्त झाल्या आहेत. क्वार्टर सोडायची वेळ आली की फंड-ग्रॅच्युइटीचा पैसा हाती येतो आणि घराचा विषय निघतो. समजा, अशा एखाद्या निवृत्ताने मोठी रक्कम बायकोच्या खात्यात टाकली, ‘तुझ्यासाठी घर बांधू’ म्हणाला, आणि घर उभे राहिले ते भावांशी न वाटलेल्या वडिलोपार्जित जमिनीवर. पुढे तो गेला. दिवसकार्य उरकताच दीर विचारतात, घर कोणाचे? जोडीदारांमधल्या बक्षिसाच्या कायद्यात शिरायला याहून चांगला दरवाजा मला माहीत नाही.

अडचण कुठे आहे ते आधी पाहू. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात बक्षिसाची व्याख्या कलम 122 मध्ये आहे: स्वखुशीने, मोबदल्याशिवाय दिलेले आणि देणाऱ्याच्या हयातीतच घेणाऱ्याने स्वीकारलेले. पुढच्याच कलमात वाटा फुटतात. पैसा नुसता हातात दिला, खात्यात जमा केला, तरी बक्षीस पुरे होते. स्थावराला मात्र नोंदणीकृत, दोन साक्षीदारांच्या सह्यांचे बक्षीसपत्र लागते. नवऱ्याने पैसा दिला की घर दिले? पैसा दिला असेल तर कागद लागत नाही. घर दिले असेल तर कागदावाचून काही दिलेच नाही. बहुतेक दावे या दोन्हींच्या मधल्या जागेत अडकतात. महाराष्ट्रात पती-पत्नीत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे, तरी ते करायचे राहून जाते. जिवंत माणसाकडे सहीचा कागद सरकवणे आपल्याकडे अभद्र वाटते.

हा गुंता इंग्रजांनी आणलेला नाही. नवऱ्याने प्रेमाने दिलेले बायकोने त्याच्या मागेही हवे तसे वापरावे, असे स्मृतिकार नारद सांगतो. पण स्थावर तेवढे वगळतो. पैसा आणि जमीन यांतला भेद तेव्हाही होताच. चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे पांडुरंग वामन काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या तिसऱ्या खंडात स्त्रीधनाची ही सारी चर्चा मांडली आहे, आणि नव्या अभ्यासकाने ती टाळू नये. काणे स्वतः मुंबई हायकोर्टात वकिली करत, त्यामुळे ते ग्रंथाबरोबर खटल्याकडेही बघतात. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 ने नारदाची ती मर्यादा संपवली. स्त्रीला मिळालेली मालमत्ता, स्थावरसुद्धा, सर्वसाधारणपणे तिच्या पूर्ण मालकीची ठरली.

तरी ‘मिळाली’ हे सिद्ध करावेच लागते. नवऱ्याच्या पैशाने बायकोच्या नावावर घर घेतले, तर इंग्लंडची जुनी न्यायालये ते तिला दिले असे गृहीत धरत. भारतात 1854 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे गृहीतक नाकारले आणि 1979 मध्ये भीमसिंग विरुद्ध कानसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानेही तेच धोरण ठेवले: हेतू पाहा. मेलेल्या माणसाचा हेतू पाहायचा कसा? 1973 च्या जयदयाल पोद्दार खटल्यात कोर्टाने सांगितलेल्या खुणा आजही वकिलांना पाठ असतात. पैसा कोणी दिला, ताबा कोणाकडे होता, नाव दुसऱ्याचे लावायचे कारण काय, नाते काय, खरेदीखत कोणाच्या कपाटात होते, नंतर कोण मालकासारखे वागले. ही यादी मला कायद्यापेक्षा संसाराचीच जास्त वाटते.

नॉमिनीबद्दल थोडक्यात, कारण इथे गैरसमजच मोठा आहे. 1983 च्या सरबती देवी निकालापासून 2015 च्या कायदादुरुस्तीपर्यंत तरी विम्याचा नॉमिनी म्हणजे वारसांसाठी रक्कम स्वीकारणारा एवढेच मानले गेले. शेअरबाबत मुंबई हायकोर्टात 2010 मध्ये उलटा निकाल लागला होता. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांच्या मालमत्तेवरून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेल्या वादात डिसेंबर 2023 मध्ये तो प्रश्न मिटला. शेअर आणि म्युच्युअल फंडांचाही नॉमिनी मालक नव्हे. गृहनिर्माण संस्थेतही तो तात्पुरता सभासद असतो.

आता पोफळीच्या घराकडे. बायको-मुले असताना दीर हे नवऱ्याचे वारस नाहीतच. सासू मात्र आहे. आई पहिल्या वर्गातली वारस आहे हे अनेक सुनांना कोर्टात गेल्यावर कळते. दिरांचे बळ जमिनीत आहे, कारण ते सहहिस्सेदार आहेत. घरपट्टीच्या उताऱ्यावर वहिनीचे नाव असले म्हणून मालकी ठरत नाही. पण जमीन ज्याची त्याचेच घर, हा नियमही भारतात सरसकट चालत नाही. 1929 मध्ये वांद्र्याच्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ते स्पष्ट केले. वाटपाच्या दाव्यात, जमेल तिथे, घराखालचा तुकडा बांधणाऱ्याच्याच हिश्शात घालायचा, असा न्यायालयांचा कल असतो. म्हणून वहिनीच्या वकिलाने मालकीच्या घोषणेआधी वाटपाचा विचार करावा, असे माझे मत आहे.

लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांची वाट याहून अरुंद आहे. जोडीदार करकायद्याच्या दृष्टीने नातेवाईक नाही, म्हणून वर्षात 50,000 रुपयांवरचे बक्षीस करपात्र होते. आणि मृत्युपत्र नसेल तर वारसाहक्कही नाही. 2008 च्या विद्याधरी खटल्यात पहिले लग्न कायम असताना सोबत राहिलेल्या, नॉमिनी नेमलेल्या स्त्रीला सुप्रीम कोर्टाने वारसा प्रमाणपत्र दिले, पण कायदेशीर पत्नीचा पाचवा हिस्सा राखून. तो निकाल आधी वाचावा, मग कलमे.