कृशास जपावें



वसईच्या वाड्यांतून हिंडतांना जागोजाग बावखलें आढळतात. गोड्या पाण्याचीं हीं तळीं पूर्वजांनीं कुदळीनें खणलीं आणि निघालेली माती वाडींत भरली. रोज विरारहून मुंबईस लोकलनें जाणाऱ्या गृहस्थाला आज कुदळ ठाऊक नाहीं. मधुमेह मात्र चांगलाच ठाऊक आहे.

या दोहोंचा संबंध सुश्रुतानें जोडला आहे. मधुमेह ज्यांत मोडतो त्या प्रमेहाच्या चिकित्सेंत तो निर्धन रोग्यास अनवाणी, छत्रीवांचून, भिक्षेवर राहून शंभर योजनें वा अधिक चालावयास सांगतो. दुसऱ्या कोणास सतत नांगरावयास, नाहीं तर विहीर खणावयास सांगतो. एवढें पुष्कळांना माहीत असतें. त्यालाच जोडून आलेलें एक लहानसें वाक्य मात्र वाचतांना निसटतें: कृश रोग्यास सदैव जपावें. चरकानेंहि प्रमेही दोन प्रकारचे मानले. स्थूल नि बलवान अशाचें शोधन करावें, कृश नि दुर्बल अशाचें पोषण.

हा भेद पुढें विसरला गेला. इन्शुलीनपूर्व काळांत अमेरिकेंत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांची उपासाची चिकित्सा मान्यता पावली होती. साखर उतरे, पण रोगी अस्थिपंजर होई. १९२१ सालीं टोरांटोस इन्शुलीन सांपडलें. १९२६ सालीं लंडनचे डॉ. रॉबर्ट लॉरेन्स, जे स्वतः मधुमेही होते, यांनीं श्रमानें इन्शुलीनचा प्रभाव वाढतो असें दाखविलें. जेवणानंतर इन्शुलीनच्या आज्ञेनें साखर सांठविणारें मोठें कोठार म्हणजे स्नायु. आणि काम करणारा स्नायु ती इन्शुलीनवांचूनहि उचलतो.

हें कोठार आमच्याकडे मुळांतच लहान असतें, असें पुण्यास दिसून आलें. तेथील के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून जवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील अर्भकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचें ३.५. नवल वजनाचें नाहीं. या बाळांत स्नायु कमी, पण त्वचेखालचा मेद त्या मानानें टिकून राहिलेला! दिसावयास कृश तो आंतून स्थूल असूं शकतो.

म्हणूनच जो सडपातळ मधुमेही धास्तीनें अन्न तोडतो आणि केवळ चालतच सुटतो, तो साखरेबरोबर स्नायूहि गमावील अशी भीति असते. आज वैद्यक त्याला पुरेशा प्रथिनांबरोबर आठवड्यांतून दोन-तीन दिवस, मध्यें विसावा ठेवून, भार उचलण्याचा व्यायाम सांगतें. डोळ्यांचा पडदा वा हृदय दुखावलेलें असल्यास आधीं तपासणी, आणि इन्शुलीन घेणाऱ्यानें साखर एकाएकीं उतरण्याविषयीं सावधगिरी. वृद्धांस खुर्चीवरून हातांचा आधार न घेतां उठावयास नि बसावयास लावतात. आमच्या तालमींत हिलाच बैठक म्हणत, आणि तिला खुर्ची लागत नसे.