मोट कुणाची, पाणी कुणाचं?

२१ आणि २२ मार्च १९२०. माणगाव परिषद. अध्यक्ष बाबासाहेब, सोबतीला शाहू महाराज. तारखा आपल्याला पाठ आहेत. पण त्या मुलखातली माणसं तेव्हा पोट कशावर भरायची, हे आपण विचारत नाही. मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो. शाळा थोडीच झाली. पण यंत्र कुणाच्या हातावर चालतं, एवढं कळतं. गावाचा इतिहास मी तसाच वाचतो.

माणगाव तेव्हा कागल जहागिरीत, आज हातकणंगले तालुक्यात. या पट्ट्यात जैन, लिंगायत, मराठे, मुसलमान, धनगर. कुणाच्या घरात मराठी, कुणाच्या घरात कानडी. बलुतेदार त्यांच्या पाठोपाठ. आणि गावाबाहेर आपण.

हा सगळा गाव एका मोटेत दिसायचा. मेलेलं जनावर ओढायचं महारानं. कातडं कमवायचं ढोरानं. मोट शिवायची चांभारानं. नाडा वळायचा मांगानं. चाक सुताराचं, कडी लोहाराची, बैल शेतकऱ्याचे. त्या पाण्यावर ऊस, उसाचं गुऱ्हाळ, आणि गुळाचे रवे कोल्हापूरच्या पेठेत. शाहूपुरीची ही पेठ १८९५ सालची.

आणि आपण विहिरीला हात लावला की पाणी बाटायचं! आपण ओढलेलं, कमवलेलं, शिवलेलं कातडं पाण्यात बुडालेलं चालायचं. आपली घागर चालायची नाही. हा कुठला हिशेब?

बदल्यात काय, तर वतन. जमिनीचा तुकडा, खळ्यावरचं बलुतं, मागून आणलेली शिळी भाकरी. कामाला ना वेळ, ना मोजदाद. सांगावा न्या, सारा पोचवा, शीव दाखवा, रात्री-अपरात्री वेठ करा. म्हातारी माणसं म्हणायची, वतन म्हणजे मान. मान कसला लेको? ती दावण होती.

शाहू महाराजांनी १९१८ मध्ये संस्थानातली ही दावण तोडली. महारकीच्या जमिनी रयताव्यानं करून दिल्या. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध बिल आणलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा मात्र १९५८ चा. मधली तीस वर्षं कुणाच्या पाठीवर गेली?

माणगावात मेलेल्या जनावराचं मांस खाण्याविरुद्ध ठराव झाला. तो नुसता स्वच्छतेचा नव्हता. ओढणं आणि खाणं एकाच दोरीला बांधलेलं होतं. ते मांस सोडायचं, तर दुसरी भाकरी शोधायची. परिषदेसाठी राबलेले आप्पासाहेब दादगोंडा पाटील जैन होते, हेही विसरू नका. गावातला एखादा माणूस आपल्या बाजूनं उभा राहू शकतो. पण भाकरी आपली आपणच शोधायची होती.

इचलकरंजीत १९०४ ला पहिला यंत्रमाग आला. पुढं आमची कितीतरी माणसं मागावर, गिरणीत आली. मी त्यातलाच. मी काढलेलं सूत कुणाच्या देवाच्या अंगावर जातं, कुणी विचारत नाही. विचारायचं तर माझा पगार तरी विचारा.

तेव्हा १४ एप्रिलला डॉल्बी लावण्याआधी एक काम करा. आपल्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. कोण काय काम करायचं, त्याचं काय मिळायचं, लिहून काढा. चावडीच्या दप्तरात जमीन सापडेल. घाम सापडणार नाही. तो आपणच लिहायचा.